तीन बादल्यांचा बंदोबस्त

जपानने रंगून घेतलं आणि तारोडीच्या अल्फान्सोची झोप उडाली. सरकारने त्याला गावाचा वॉर्डन नेमून एक शिट्टी आणि तीन लाल बादल्या दिल्या होत्या. बादल्यांत वाळू भरून मोक्याच्या जागी ठेवायची, बॉम्बने आग लागली की ओतायची. मोक्याची जागा कोणती, हे मात्र सरकारलाही ठाऊक नव्हतं.

अल्फान्सोच्या मते शत्रू समुद्रातून येणार. त्याचा मेव्हणा ह्युबर्ट छातीठोकपणे सांगे, आभाळातून! मुंबईच्या गिरणीत काही वर्षं काढल्यामुळे ह्युबर्टला जपान्यांचे बेत आतून कळत. मग कुणीतरी रस्त्याचीही शंका काढली. शेवटी एक बादली किनाऱ्यावर, एक चर्चच्या पायरीशी, एक वेशीवर गेली. एक ना धड, भाराभर चिंध्या.

"त्यातली एक आपल्या मांडवात ठेवा," बायको बर्नडेट म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जुडिथचं लग्न होतं. मांडव सुक्या झावळ्यांचा, त्याला लागूनच चूल, आणि संध्याकाळी फुगे तळायचे होते. ताडी घालून फुगवलेल्या पिठाचे हे गोळे पानात नसले, तर त्या लग्नाला गावात कुणी लग्न म्हणत नसे.

"सरकारी वाळू फुग्यांच्या राखणीला? न्हाय जमायचं. जपानी आला तर?"

"जपान्याचा काय भरवसा? वऱ्हाडी उद्या येणार हाय, ते नक्की."

पण बायकोचं ऐकेल तो वॉर्डन कसला! अल्फान्सो किनाऱ्यावरच्या बादलीपाशी जाऊन समुद्राकडे डोळे लावून बसला.

संध्याकाळी चुलीतली ठिणगी उडाली आणि झावळ्यांनी पेट घेतला. धूर दिसताच, जपानी मागच्या दाराने शिरला असं समजून अल्फान्सोने जीव खाऊन शिट्टी फुंकली आणि बादली उचलून धाव ठोकली. निम्मी वाळू वाटेत सांडली. तो पोचला तेव्हा आग विझली होती. बर्नडेटने हाताशी होतं ते, म्हणजे फुग्यांच्या पिठाचं अख्खं मडकं, आगीवर फेकलं होतं. मडक्याच्या खापऱ्या झाल्या होत्या आणि झावळ्यांवरून पीठ गळत होतं.

"आता लोक काय म्हणतील?" म्हणत जुडिथ हमसून रडायला लागली. रंगून फार लांब आहे, हे अल्फान्सोला तेव्हा कळलं. त्याने तिन्ही बादल्या रिकाम्या केल्या, घासून लख्ख केल्या आणि बायकोपुढे ठेवल्या. ह्युबर्ट ताडी आणायला पळाला.

लग्नाच्या सकाळी नेमका ठाण्याहून तपासणीचा साहेब उगवला. बादल्या मांडवात बघून त्याने एकीवरचं ओलं फडकं उचललं. पीठ टम्म फुगून काठाला आलं होतं.

"ही वाळू?"

अल्फान्सो गळ्यातली शिट्टी चाचपू लागला. बर्नडेटने मात्र गरमागरम फुग्यांची बशी साहेबापुढे धरली. साहेबाने एक खाल्ला. मग दुसरा. तिसरा तोंडात असतानाच त्याला आपलं काम आठवलं.

"तिन्ही एकाच जागी? शत्रू कुठून येणार, याचा काही विचार केलात?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी नवऱ्या मुलाचा बँड वाजला. मागे नवऱ्याचं अर्धं गाव, अर्धं उत्तन होतं, सकाळपासून उपाशी.

"केला ना, साहेब," अल्फान्सो बोट दाखवत म्हणाला. "ते बघा, आले."