पहिली मूठ

लंकाबाईच्या काळ्या रानाला वाफसा आला तो नेमका एकवीस जूनला, आणि सूर्यानंही नेमकी तीच तारीख तिच्या सुनेला देऊन ठेवली होती.

वाफसा म्हणजे मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि टाकली तर फुटावा, अशी रानाची वेळ. खर्ड्याच्या बाजूला जो वारा सुटतो, त्यात ही वेळ दीड दिवसही टिकत नाही. आज उडीद पेरला तर पेरला. वाफसा सगळ्या गावाला एकदमच येतो, त्यामुळे कुणाचेच बैल मोकळे नव्हते. गोरक्षनं आपली जोडी आणि पेरायची तिफण लंकाबाईला फक्त आजच्या दिवसापुरती दिली होती. उद्यापासून तो भीमाच्या रानात.

आणि पुण्याची सून धनश्री, सहा मैत्रिणी, सात चटया आणि एक पितळी घंटा घेऊन सकाळी सातलाच बांधावर हजर झाली होती.

"आई, आज वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. आज भूमाता ध्यानात असते. तिला लोखंड लावायचं नाही."

लंकाबाईचा जन्म भूमातेच्या संगतीत गेला होता. ती तापलेली पाहिली होती, रुसलेली पाहिली होती. ध्यानाला बसल्याचं मात्र तिच्या कधी कानावर आलं नव्हतं.

"कवा उठनार म्हनं ती?"

"साडेबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. त्या क्षणी आम्ही चिठ्ठ्यांवर लिहिलेले आमचे संकल्प मातीत सोडणार. मग सूर्यास्तापर्यंत मौन."

म्हणजे दिवस गेला. लंकाबाईनं पुण्याला मुलाला फोन लावला. कल्याण म्हणाला, "आई, एक दिवस होऊ दे ना तिच्या मनासारखं." स्वतः मात्र तो ऑफिसात बसला होता, आणि तिथं वाफसा बाराही महिने असतो.

गोरक्षनं बैल लिंबाखाली बांधले. मैत्रिणींनी गोल करून डोळे मिटले, बैलांनीही मिटले. फरक एवढाच, की बैलांना ते कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बाया अधूनमधून पाय बदलत होत्या, मुंग्या झटकत होत्या आणि एकीनं तर निसर्गाशी एकरूप होता होता मोबाईलची रेंज तपासली.

हसायला लंकाबाईला काय जात होतं? पण तिच्याही पेरणीत एक पूजा होतीच. पहिली मूठ सवाष्णीनं धरायची, ही गावाची रीत. नवरा, सूर्यभान, गेल्यापासून नऊ वर्षं तिच्या रानात पहिली मूठ शेजारच्या बनुबाईची. बनुबाईचा हात असा, की उडीद एका जागी झुंबड करायचा आणि पुढे हातभर टक्कल. लंकाबाईची मूठ गावात नावाजलेली. लोक पेरायला तिला बोलावून न्यायचे. पण दुसऱ्या मुठीपासून. पहिलीच्या वेळी ती बांधावर उभी राहून बैलांच्या शिंगांकडे बघायची. वाईट वाटायचं. दर वर्षी वाटायचं, आणि दर वर्षी तीच बनुबाईला हळदीकुंकू लावून बोलवायची. आज तर बनुबाई दाताला टोपी बसवायला जामखेडला गेली होती, एकच्या गाडीनं येणार होती.

साडेबाराला घंटा वाजली. मधे कमरेएवढी काठी रोवली होती. सगळ्या जणी तिच्या बुडाशी टक लावून बसल्या. सावली काही जाईना. चार बोटं सावली दक्षिणेला पडून राहिली, बिऱ्हाड केल्यासारखी. साडेबाराचे पावणेएक झाले.

"काठी वाकडी असेल," एक मैत्रीण म्हणाली.

"काठी सरळ हाय," लंकाबाई म्हणाली. "सावली गेल्या महिन्यात गेल्ती. कुरडया वाळत घातल्या तवा बाजंच्या पायाला सावली नव्हती. आता म्होरल्या महिन्यात जाईल परत. आज न्हाई जात ती आपल्याकडं."

धनश्रीनं मोबाईल काढला, बराच वेळ वाचलं आणि तिचा चेहरा पडला. महिनाभर तयारी केली होती तिनं. पोरीच्या डोळ्यांत पाणी बघून लंकाबाईला कसंतरी झालं. पण वाफसाही उडत होता, आणि लंकाबाई काही संत नव्हती.

"पोरी, संकल्प मातीतच सोडायचा ना? मग चिठ्ठ्या कशाला? त्या काय उगवत्यात? चाड्यातून सोड. मूठभर उडीद घ्यायचा, संकल्प म्हनायचा, तिफनीच्या मागं चालायचं. मौन पाळून. लई जुनं ध्यान हाय हे."

"आणि लोखंड?"

"त्याला फन म्हनत्यात. भुईचे केस इंचरायला."

मैत्रिणींना हे फार आवडलं. एकीनं लिहूनही घेतलं. गोरक्षनं हसू लपवायला बैलांकडे तोंड केलं आणि तिफण जुंपली. बी ओतायचं लाकडी चाडं घट्ट बसवून तो म्हणाला, "काकू, पहिली मूठ? बनुबाई आल्या न्हाईत."

"सूनबाई हाय की. सवाष्ण हाय."

धनश्रीनं ओंजळीत उडीद घेतला, डोळे मिटले, आणि सरळ लंकाबाईसमोर येऊन उभी राहिली. "आमच्या वर्तुळात सुरुवात सगळ्यात मोठ्या बाईनं करायची असते. आई, पहिली तुम्ही."

गोरक्ष थबकला. रीत सांगायला लंकाबाईनं तोंड उघडलं. पोरीला ठाऊक नव्हतं; सांगितलं असतं तर तिनं ऐकलंही असतं. लंकाबाईनं तोंड मिटलं आणि पदर खोचला. धनश्रीनं तिच्या मुठीत उडीद ओतला. तिनं मूठ चाड्यावर टेकवली.

"हाक रं," ती म्हणाली.

दाणे सुटले, एकसारखे. बांधापासून बांधापर्यंत एक तास संपलं, दुसरं संपत आलं. मागून सात बाया मौन पाळून, चपला हातात घेऊन मऊ माती तुडवत होत्या. तेवढ्यात गाल सुजलेली बनुबाई बांधावर उगवली आणि जागीच उभी राहिली.

"अगं लंके, पहिली मूठ कुनी धरली?"

लंकाबाईनं बैल थांबवू दिले नाहीत.

"पुन्याची रीत हाय, बाई," ती म्हणाली. "आपल्याला मोडता येती व्हय?"