सासऱ्यांच्या खात्यातलं टेबल

सकाळपासून स्क्रीनवर एकच वाक्य येत होतं: 'मागितलेलं टेबल अस्तित्वात नाही.' कोणतं टेबल, म्हणजे माहितीचा कोणता तक्ता, हे सांगायची तसदी त्या सॉफ्टवेअरनं घेतली नव्हती. जेवताना नुसतं 'काहीतरी कमी आहे' म्हणून ताट सरकवणारे नवरे असतात ना, तसलाच प्रकार. मीठ कमी की तिखट, ते आपण ओळखायचं.

औषधांच्या गोदामाचा सर्व्हर ती सांभाळायची. हे काम असं की, सगळं सुरळीत चाललं तर तुम्ही आहात हेसुद्धा कुणाला आठवत नाही, आणि अडलं की जो तो तुमच्याच दारात. आत्ता दारात मॅनेजरसाहेब उभे होते. खाली फाटकाशी गाड्या खोळंबल्या होत्या. इन्सुलिन आणि लसी बर्फाच्या पेट्यांत भरून तयार होत्या आणि बर्फ फार तर दुपारपर्यंत टिकणार होता. पण कुठली पेटी कुठल्या गाडीत चढवायची हे सॉफ्टवेअर सांगायचं, आणि सॉफ्टवेअरनं तर हात वर केले होते. मुलांच्या दवाखान्यातून दोनदा फोन येऊन गेला होता.

"नवीन आवृत्ती चढवलीत ना काल? तिचीच करामत असणार," साहेब म्हणाले.

तिलाही तेच वाटत होतं. म्हणून तिनं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना फोनवर यथेच्छ फैलावर घेतलं. तिकडच्या गोड आवाजानं सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. तिनं तेही केलं. वाक्य तेच. मग जुनी आवृत्ती परत आणली. तरी वाक्य तेच. आता मात्र तिच्या नाकी नऊ आले.

तेवढ्यात घरून फोन. सासरे.

"अगं, रिमोटच्या बॅटऱ्या कुठं ठेवल्यात?"

"बाबा, मी कामात आहे!"

गेल्या महिन्यात निवृत्त होईपर्यंत याच खुर्चीत ते बसत. त्यांच्याच हाताखाली ती शिकली होती. निवृत्त झाल्यापासून त्यांना रोज असं काहीतरी सापडत नसे, आणि जाता जाता 'ऑफिसात काय चाललंय' हे विचारून घ्यायचं असे. भीक नको पण कुत्रं आवर, असं तिला व्हायचं.

तासाभरात पुन्हा फोन. बॅटऱ्या मिळाल्या होत्या, आता रिमोट मिळत नव्हता. ती एकदम भडकली. "बाबा, इथे गाड्या लागत नाहीयेत, औषधं वाया जातील, आणि तुम्ही रिमोटचं काय घेऊन बसलात!"

पलीकडून अगदी जुन्या, ऑफिसातल्या आवाजात प्रश्न आला. "गाड्या लागत नाहीयेत? सर्व्हरवर माझं खातं आहे ना अजून?"

"काल काढलं. माणूस गेल्यावर महिन्यानं खातं काढायचं, नियमच आहे. तुम्हीच केलेला."

"मग टेबल गेलंच. गाड्यांच्या मार्गांचं टेबल माझ्या खात्यात होतं."

तिनं कपाळाला हात लावला. खातं काढलं की त्यातलं सगळं त्याच्याबरोबर जातं, हे तिला शिकवलं कुणी, तर यांनीच! "कंपनीचं टेबल तुमच्या खात्यात कशाला, बाबा?"

"सामायिक जागेत जो येईल तो हात घालायचा, सगळा घोळ व्हायचा. म्हटलं, दोन दिवस माझ्याकडे ठेवू."

"दोन दिवस!"

"मग राहून गेलं," ते म्हणाले.

पुढे बोलायला वेळ नव्हता. तिनं खातं काढण्याआधीच्या बॅकअपमधून त्यांचं खातं जसंच्या तसं पुन्हा उभं केलं. ते वाक्य गेलं, गाड्यांचे क्रमांक झळकले, खालून हमालांची आरडाओरड ऐकू आली. बर्फ वितळायच्या आत सगळ्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या. साहेबांनी खुर्चीत अंग टाकलं, जणू सगळ्या पेट्या त्यांनीच वाहिल्या होत्या.

तिनं घरी फोन लावला. राग अजून उतरला नव्हता. "चाललं एकदाचं. आता टेबल कंपनीच्या खात्यात हलवते आणि तुमचं खातं कायमचं बंद करते. पुन्हा हा डोक्याला ताप नको."

"हलव ना. तेच बरोबर आहे. मीच करायला हवं होतं," ते म्हणाले. "पण आज राहू दे का? एक दिवस. उद्या काढ."

"कशाला?"

"काही नाही गं. आज गाड्या माझ्या खात्यावरून गेल्या ना."

तिला खरं तर खूप बोलायचं होतं. नियम, घोळ, सकाळपासूनची तिची दशा. पण "बरं," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

"झालं ना सगळं साफ?" साहेबांनी विचारलं.

"एक काम राहिलंय," ती म्हणाली, "ते उद्या करते."