बुडालेल्या विहिरीवरचा कटला

सकाळी सहाला जानकीबाईने तराफा पाण्यात ढकलला तेव्हा काठावर सात माणसं उभी होती. तराफा म्हणजे थर्माकोलची लादी, सहा फूट लांब, तीन फूट रुंद, युरियाच्या पोत्यांत शिवलेली. तिच्यावर एकच माणूस मांडी घालून बसू शकतं. वल्ही म्हणून दोन हातांत प्लायवूडच्या दोन फळ्या.

मच्छीमार संस्थेचा नियम जुना होता. नव्या सभासदाने पाच किलोवरचा मासा एकट्याने धरायचा आणि बाराच्या आत एकट्याने काठावर आणायचा. माशाला, दोरीला किंवा तराफ्याला दुसऱ्याचा हात लागला की अर्ज बाद. पुढची संधी वर्षाने. आजवर हे कुणाला जड गेलं नव्हतं. तलावाच्या भिंतीपाशी खोल पाण्यात जाळं टाकलं की काम व्हायचं. पण पावसाने सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. भिंतीजवळ चकलांबा गावाचे पाण्याचे टँकर भरत होते आणि तिथे मासेमारी बंद होती. बाकी तलावात पाणी कमरेएवढं, आणि त्यात वीतभर चिलापीखेरीज काही लागत नव्हतं.

जानकीबाईला वर्षभर थांबायचं नव्हतं. दुपारी मजूर न्यायला मुकादम येणार होता. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ती नाही तर तिचा नवरा सिदूही नाही. तलावात वाटा मिळाला तर दोघं गावात राहणार होती. नाही मिळाला तर उद्या ट्रकमध्ये. बारा हंगाम तिने उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिल्या होत्या. तेरावा वाहायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

"वहिनी, जाळं इसरलात की!" संस्थेचा सचिव गहिनीनाथ ओरडला.

"जाळं न्हाई लागत, भाऊजी. गळ हाय."

"गळाला कटला? त्यापरीस चार चिलाप्या आना, कालवन तरी हुईल."

माणसं हसली. सिदू हसला नाही.

तलाव होण्याआधी तिथे जानकीबाईच्या माहेरची वस्ती होती. वस्तीची विहीर चाळीस फूट खोल. पाणी आटलं की कटल्यासारखा मोठा मासा खोलात जातो, आणि भिंत सोडली तर एवढं खोल दुसरं काही नव्हतं. खंडोबाचा कळस डोंगराच्या खिंडीत दिसला की विहीर आली, एवढं तिला पक्कं आठवत होतं. कळस खिंडीत आला. तिने दोरीला दगड बांधून सोडला. दोन हातांवर तळ लागला. आजूबाजूला चार ठिकाणी पाहिलं. सगळीकडे दोन हात.

साडेसात वाजले. ती वल्ही मांडीवर ठेवून विचार करत बसली. कळस आपण पाहायचो कधी? रिकामी घागर नेताना नजर खाली असायची, वाटेत काटे होते. कळस दिसायचा तो भरल्या घागरीने लिंबापाशी वळल्यावर. म्हणजे ही जागा लिंबाची. तिने वल्हं खाली खुपसलं. दुसऱ्याच वेळी ते बुंध्यावर आपटलं. विहीर तिथून उगवतीला वीस पावलं होती. तिने तिथे जाऊन दगड सोडला आणि दोरी हातातून सरसरत गेली.

पेंड आणि ज्वारीच्या पिठाचा गोळा गळाला लावून ती बसून राहिली. सव्वानऊला दोरीला हिसका बसला.

मासा थेट खाली गेला. दोरी विहिरीच्या दगडी कडेला घासली असती तर तुटलीच असती. म्हणून तिने एका हाताने वल्हवत तराफा विहिरीच्या बरोबर वर धरून ठेवला. अर्ध्या तासाने मासा वर आला आणि आडवा पळाला. तराफा त्याच्यामागे ओढला जाऊ लागला, विहिरीवरच्या मोटेच्या, आता पाण्याखाली गेलेल्या दगडी खांबांकडे. दोरी त्यांना अडकली असती तर तुटलीच असती. तिने डावा पाय पाण्यात सोडून टाच रेटली. तराफा वळला. खांब हातभर अंतरावरून मागे गेले.

मासा दमला तेव्हा ती पलीकडच्या काठाजवळ होती. तिने त्याच्या कल्ल्यात बोटं घातली, त्याला मांडीवर घेतलं आणि दोरीने तराफ्याला बांधलं. पावणेअकरा झाले होते. ती जिथून निघाली होती तो टणक काठ अर्धा मैल मागे राहिला होता, तोही वाऱ्याविरुद्ध. इथे पाणी आणि कोरडी जमीन यांच्यामध्ये चाळीस पावलं गाळ होता. माणसं काठाकाठाने धावत आली. सिदू गुडघाभर गाळात शिरला.

"आवो, मागं व्हा!" ती ओरडली. "हात लावताल तर समदं वाया जाईल!"

सिदू मागे झाला.

"काठ कुठून धरायचा?" कुणीतरी विचारलं.

गहिनीनाथने काठीने रेघ मारली. "भेगा सुरू होत्यात तिथून."

"मारा रेघ," जानकीबाई म्हणाली, "पर सरळ मारा."

ती तराफ्यावर पालथी पडली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत गाळात घालून स्वतःला पुढे ओढू लागली. वीतभर सरकायची, थांबायची, पुन्हा सरकायची. तराफ्याचं तोंड रेघेवर आलं तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती.

ताणकाट्याने नऊ किलो दाखवले. गहिनीनाथने दोनदा पाहिलं.

"घावला कुठं?"

"पान्यात."

"ते कळलं, वहिनी. जागा कोनती?"

"मी सभासद झाले का न्हाई?"

"झालात."

"मंग? तुमी तुमची जागा सांगितलीत का कुनाला कदी?"

या वेळी माणसं गहिनीनाथला हसली. लांब बांधावर मुकादमाची मोटारसायकल दिसली. सिदूने बायकोकडे पाहिलं.

"काय सांगू त्याला?"

"दुसरी जोडी बघ म्हनावं," गाळाचे हात पदराला न पुसता ती म्हणाली. "आन् येताना पेंड आना. उद्याला लागंल."