कार्डावरचं उत्तर

बंगळूरच्या जे. पी. नगरातल्या मराठी मंडळाच्या प्रश्नमंजूषेत एक नियम होता: कार्डावर लिहिलंय तेच उत्तर खरं. तो शिवलीलाअक्कानेच केलेला. नऊ वर्षांपूर्वी निवृत्त सायन्स मास्तर भीमाचार्य भर सभेत उठून म्हणाले होते, की चीनची भिंत चंद्रावरून दिसत नाही. "माझ्या कार्डावर दिसतीय की," असं म्हणून अक्काने त्यांना खाली बसवलं आणि पुढच्याच बैठकीत नियम मंजूर करून घेतला. मग वाचनालयात जाऊन बघितलं, तर मास्तरांचं बरोबर निघालं. पण मंजूर झालेला नियम, तो कसा मोडायचा?

मंडळाची दुसरी रीत, जिंकेल त्याने पुढच्या वर्षीचे प्रश्न काढायचे. अक्का निपाणीची दहावी पास, पोटासाठी ब्लाउज शिवणारी. पण एक वर्ष जिंकायची, एक वर्ष प्रश्न काढायची, हे ठरूनच गेलं होतं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून ती कार्डं करी आणि मशीन थांबलं की एकेक प्रश्न लिही. रक्ताचे गट, लेण्यांतली चित्रं, धूमकेतूचं शेपूट. त्या कार्डांवर तिचा शिलाईपेक्षा जास्त जीव होता. यंदा जिंकणारच म्हणून पुढच्या वर्षीची एकोणचाळीस कार्डं पर्समध्ये तयारसुद्धा होती.

गेल्या वर्षी जिंकला होता श्रीरंग, त्यामुळे यंदा प्रश्न त्याचे. श्रीरंग म्हणजे पुण्याहून आलेला आयटीवाला, वय चाळीस, कानात कायम काहीतरी खुपसलेलं. प्रश्न विचारायचा तो विमानात सूचना देतात तसा. "ओके फोक्स, नेक्स्ट क्वेश्चन!" फोक्स कोण, तर समोर बसलेले साठ मराठी लोक, त्यातले निम्मे बटाटेवड्याची वाट बघणारे. हे सगळे प्रश्न त्याने फोनवरून एका बैठकीत उतरवलेत, फार तर दोन कॉफ्या झाल्या असतील, हे अक्काला बघताक्षणी कळलं.

"बुलफाइटमध्ये बैल कशामुळे चवताळतो?"

"कापड हलवतात म्हणून," अक्का म्हणाली. "बैलाला लाल रंग कुठं धड दिसतोय?"

"सॉरी काकू. कार्डावर हे नाही!" श्रीरंगने कार्ड छातीशी धरलं.

शेजारच्या टेबलावरच्या नीलिमाला गुण मिळाले. ही नागपूरची, बंगळूरला येऊन आठ महिने झालेली, उत्तर देतानासुद्धा प्रश्न विचारल्यासारखी बोलणारी. "लाल रंग?" म्हणाली आणि जिंकली. मागून भीमाचार्य खाकरले. अक्काने वळून बघितलं नाही.

पुढचा प्रश्न, विजेच्या दिव्याचा शोध कुणी लावला. एडिसनच्या आधी किती जणांनी दिवे पेटवले होते ते अक्का बोटांवर मोजून सांगू शकली असती. पण आता तिला किल्ली सापडली होती. या गृहस्थाला काय माहीत असणार तेवढं ओळखायचं, खरं काय ते आपल्यापाशी ठेवायचं.

"एडिसन," ती गोड आवाजात म्हणाली.

"करेक्ट, काकू!"

असं करत करत ती नीलिमाच्या बरोबरीला आली. उरला शेवटचा प्रश्न, आणि पहिला मान अक्काचा.

"टिपू सुलतानचा जन्म कुठे झाला?"

अक्काला हसू आवरेना. देवनहळ्ळी! तिचा नवरा योगीराज पहिल्यांदा तिथल्या रेशीम खात्यात लागला, तेव्हा सहा वर्षं ती दोघं किल्ल्याजवळच राहिली होती. जन्माच्या जागेवर चार खांबांच्या आत दगड उभा आहे, तोही रोजचा बघण्यातला. पण हा दर सोमवारी त्या गावाशेजारच्या एअरपोर्टला डोळे मिटून जाणारा माणूस, याला देवनहळ्ळी कुठली माहीत? टिपू म्हटलं की याच्या डोक्यात एकच गाव येणार.

"श्रीरंगपट्टण," अक्का ठासून म्हणाली.

श्रीरंगने कार्डाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "नाही हो, काकू."

"देवनहळ्ळी?" नीलिमा म्हणाली.

"करेक्ट!" टाळ्या वाजल्या. श्रीरंग माइक घेऊन अक्काच्या टेबलाशी आला. "काकू, श्रीरंगपट्टणला तो मेला. मलाही माहीत नव्हतं. परवा फ्लाइट लेट होती, तर आमचे कॅबवाले यल्लाप्पा म्हणाले, चला सर, स्वल्प, जरासं दाखवतो. तिथे एक दगड आहे बघा, चार खांबांच्या आत..."

तो तिला तिचाच दगड समजावून सांगत होता. अगदी मायेने, हाताने खांब दाखवून. अक्का मान हलवत राहिली.

एवढ्यात तिसऱ्या रांगेतून योगीराज उठला. "अगं, देवनहळ्ळी! सहा वर्षं राहिलो की आपण तिथं! त्या दगडाजवळ तू पापड वाळवायचीस!"

सभागृह खदखदून हसलं.

खरं सांगायचं झालं असतं, तर 'श्रीरंगला मी कवडीमोलाचा समजले' असं अक्काला साठ माणसांसमोर म्हणावं लागलं असतं. तोही अजून समोरच उभा होता, चेहऱ्यावर काळजी घेऊन. "होतं असं या वयात," तो हळूच म्हणाला.

"विसरले," अक्का म्हणाली.

बटाटेवड्याच्या रांगेत भीमाचार्य तिच्या मागेच होते. बशी पुढे करत म्हणाले, "विसरला नव्हतात तुम्ही, अक्का. कार्ड वाचायला गेलात."

अक्काने वडा घेतला, चटणी घेतली. पर्समधली एकोणचाळीस कार्डं काखेत टोचत होती. रांग पुढे सरकली तरी ती हलली नाही.

"मास्तर," ती म्हणाली, "चीनची भिंत चंद्रावरून दिसत नाही."

"सरी, बरोबर," म्हणाले भीमाचार्य. "आता हे माइकवर सांगा."