बॉबिनचा धूर

मिल बंद झाली त्या उन्हाळ्यात, तिथं कामाला असलेल्या माझ्या मुलानं, ज्ञानदीपनं, भंगारातून सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिनचं एक पोतं आणलं. रॉकेल पुरत नव्हतं, गॅसचा नंबर लागायचा होता. वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं लाकूड ते, भराभर पेटे. धूर मात्र काळा आणि घशाला लागणारा. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. सातवा महिना लागलेली माझी सून संबोधी त्या धुरात बसून पोळ्या करायची आणि खोकायची.

असल्या धुरानं पोटातल्या बाळाची वाढ खुंटते, असं मी वाचनालयात वाचलं होतं. पण तिला सांगू कसं? सासऱ्यानं सुनेशी असल्या विषयावर बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. ज्ञानदीप आता भाड्याचा टेम्पो चालवत होता. त्याला सांगितलं, तर म्हणाला, "बाबा, तुम्ही पण ना! पेपरात छापलेलं सगळंच खरं मानता."

मानतो खरा. चूकही असेल. तरी एका सकाळी मी सिगडी उचलून मागच्या अंगणात नेली आणि स्वतःच कणीक मळायला बसलो.

शेजारच्या कांताबाईंनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. "काय बाबूरावजी, मिल बंद पडली लेकाची आणि ड्यूटी लागली तुमची?"

मी कणकेला आणखी पाणी लावलं. उत्तर सुचलं रात्री, आणि तेही काही खास नव्हतं.

माझ्या वेड्यावाकड्या पोळ्या घरातली माणसं मुकाट्यानं खात राहिली. मग एका दुपारी, बाहेर गरम वाऱ्याची लू सुटलेली असताना, संबोधी दाराची चौकट धरून उभी राहिली. घामानं चिंब झाली होती.

"मामंजी, कांतामावशी घरी नाहीत, म्हणून तुम्हालाच सांगते. सकाळपासून बाळ हललंच नाही."

ज्ञानदीप कामावर गेला होता. मी टांगा आणला. नाक्यावरचा सवारीचा टेम्पो लवकर पोचला असता, पण त्याचा धूर आठवला. अर्ध्या वाटेत वाटलं, इथंच आपलं चुकलं. पुस्तकी शहाणपणापायी उशीर केला.

तुकोगंजच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्याआड नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. बराच वेळ यंत्राची नुसती खरखर ऐकू येत होती. मग एकाएकी बाळाच्या ठोक्यांची टकटक सुरू झाली, भलतीच घाईची. मला राहवेना, मी उठलो. पडद्याकडे पाठ करून मी विचारलं, "इतनी तेज? कुछ गड़बड़ है क्या?"

"बाबूजी, अंदरवाले ऐसे ही भागते हैं," बाई हसल्या. "बच्चा ठीक है. बहू ने पानी कम पिया है, गर्मी लग गई. चूल्हे पर बैठती है क्या?"

"नहीं," संबोधीचा आवाज आला, "हमारे यहाँ मामंजी बैठते हैं."

"बढ़िया. फिर इन्हें ही बैठने दो."

मी बाकावर परत बसलो. भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचून काढला.

संध्याकाळी अंगणात सिगडी पेटवली. संबोधी मोठा तांब्याभर पाणी पिऊन आत आडवी झाली होती. अचानक आतून हाक आली, "मामंजी!"

माझ्या हातातला चिमटा पडला. धावत दारापर्यंत गेलो. "काय झालं?"

"लाथ मारली. चांगली जोरात." ती उठून बसली होती, हसत होती. मग तिनं नाक वर करून वास घेतला. "आणि तुमची पोळी जळतेय."