एर्मिदाची दोन मुसळे

मी एक जुनी उखळी आहे, मित्रांनो. महोगनीच्या बुंध्याची, माणसाच्या कमरेइतकी उंच आणि स्वभावाने जरा फटकळ. जन्मभर मार खाल्लेल्याला गोडगोड बोलता येत नाही, तेव्हा तेवढे सांभाळून घ्या.

निकाराग्वातल्या वांकी नदीच्या काठी मिस्किटो लोकांचे एक गाव होते. तिथल्या रुफिनो नावाच्या माणसाने मला घडवले. बुंध्यावर निखारे ठेवायचे, फुंकायचे, जळलेले खरवडून काढायचे, असे तीन आठवडे चालले. त्याची बायको एर्मिदा येता-जाता टोमणे मारी, "अहो, उखळी करताय की विहीर खणताय?" पण पहिला भात कांडून झाला तेव्हा तिनेच माझ्या कडेवरून हात फिरवला. तो हात मला अजून आठवतो.

पुढे रुफिनो वारला, त्यांचा मुलगा हार्विन मोठा झाला आणि घरात सून आली, मिर्ना. मग माझे खरे वैभवाचे दिवस सुरू झाले. सासू-सून समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ मारत. धप्-धप्, धप्-धप्. आमच्या गावाची रीत अशी, की हा आवाज नदीवर ज्याच्या कानी पडेल त्याने होडी काठाला लावावी आणि खाऊन जावे. वाटी रिकामी होईपर्यंत कोण, कुठला, कशाला आलास, हे विचारायचे नाही. मला या रीतीचा फार तोरा होता.

त्याच आवाजावर एके दिवशी तिबुर्सियो आला. लांबच्या गुरांच्या मुलखातला, बोलणे स्पॅनिश, अंगात ताप आणि खांद्यावर कुऱ्हाड. एर्मिदाने त्याला वाबूल दिले, म्हणजे पिकली केळी उकडून नारळाच्या दुधात घोटलेली. त्याने तीन वाट्या रिचवल्या आणि चक्क रडला. मग म्हणाला, "मावशी, एका पिकापुरती जागा द्या. भात निघाला की जातो."

गावाची जमीन सगळ्यांची. ती विकता येते हे मुळी कोणाच्या डोक्यातच नव्हते. वडीलधारे म्हणाले, "पेर बाबा, जमीन कुठे पळून जातेय!" इथेच आम्ही चुकलो. सहा महिने तिबुर्सियो एर्मिदाच्या ओसरीवर जेवला. मग त्याचे मेहुणे आले, त्यांची गुरे आली, काटेरी तार आली, बंदुका आल्या आणि शेवटी कुठून तरी शिक्के मारलेला कागदही आला. आमची जमीन परस्पर विकून त्याचे उखळ पांढरे झाले. माझ्या जातीचे नाव असल्या कामाला लावतात, याची मला लाज वाटते.

दर उन्हाळ्यात गावातले पुरुष कोयते घेऊन शिवेवरचे रान साफ करतात, म्हणजे हद्द कुठे आहे ते सगळ्यांना दिसते. त्या वर्षी सात जण गेले. पाच पायी परतले आणि दोघांची प्रेते झोळीत घालून आणली. त्यात एक हार्विन होता. गोळी पाठीत लागली होती. त्याची मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती.

चार दिवसांनी टेकडीवरून निरोप आला, की उद्या दुपारपर्यंत जमीन सोडल्याच्या कागदावर सगळ्यांनी अंगठे द्यावेत. तोवर कोणी नदीवर दिसला तर गोळी घालू. बंदूकवाले वर टेकडीवरच बसले होते. सकाळी नदीवर दाट धुके असते. तेव्हा त्यांना गाव दिसत नसे, पण ऐकू येई. गावाने ठरवले, धुक्यातच मुलाबाळांसकट होड्या घेऊन वळणापलीकडे निसटायचे. अडचण एकच होती. सकाळी उखळी वाजली नाही, तर वरच्यांना लगेच संशय येणार.

"मी थांबते," मिर्ना म्हणाली.

"आणि ही दूध कोणाचं पिणार, माझं?" एर्मिदाने नात तिच्या कडेवर चढवली.

"पण आई, एकट्या बाईचं कांडण तिबुर्सियो लगेच ओळखेल. सहा महिने जेवलाय तो आपल्या दोघींच्या आवाजावर."

"दोन हातांत दोन मुसळं घेईन."

"परवा पाण्याची बादली उचलवत नव्हती तुम्हाला!"

"बादलीवर माझा राग नव्हता. नीघ आता. धुकं काही तुझ्यासाठी थांबायचं नाही."

मिर्नाने तिच्या गालाला गाल लावला आणि ती घाटाकडे पळाली.

धप्-धप्. धप्-धप्. एर्मिदा मुसळे मधोमध धरून कांडू लागली. भाताचे तांदूळ झाले, तांदळाचे पीठ होऊ लागले आणि माझा आवाज बदलू लागला. पीठ दबके वाजते, भात करकरीत. तिने झटकन पीठ उपसले आणि बियाण्याचा भात माझ्यात ओतला. पुढच्या वर्षीचे बियाणे! तिच्या तळहातांचे फोड फुटले, मुसळांना रक्त लागले. मी लाकूड असूनही मला ते सोसवेना. शेवटच्या होड्यांना वळण अजून लांब होते.

धुके विरळ होऊ लागले आणि अंगणात पावले वाजली. तिबुर्सियो आला होता, एकटाच, काखेत कागद घेऊन. त्याने तिच्या हातातली दोन मुसळे पाहिली. मग शेजारच्या रिकाम्या ओसऱ्या पाहिल्या. एर्मिदाचे हात थांबले.

"मिर्ना कुठाय?"

"बस. आधी खा," एर्मिदा म्हणाली. एवढ्या वर्षांची सवय, दुसरे काही तिच्या तोंडी आलेच नाही.

तो बसला नाही. टेकडीवरून कोणीतरी शीळ घातली. त्याने एक हाक मारली असती, तर सगळ्या होड्या सापडल्या असत्या. माझ्यातला एकेक दाणा जड झाला होता.

"थांबू नकोस, मावशी," तो हळूच म्हणाला. "वरचे ऐकतायत."

धप्-धप्. तो पाठ फिरवून चढाला लागला.

दुपारी ते सगळे मिळून आले. एर्मिदा तेव्हाही कांडतच होती. गाव रिकामे पाहून त्यांचे पित्त खवळले आणि एकाने तिला उभ्या जागी गोळी घातली. ती माझ्या अंगावर कोसळली. मग त्यांनी छपरे पेटवली. एर्मिदाच्या घराला काडी लावली ती तिबुर्सियोनेच. तो चांगला की वाईट, हे मला विचारू नका. मला त्याचा संताप येतो, आणि त्याच्या त्या एका वाक्याचे उपकारही विसरता येत नाहीत.

होडी मात्र एकही त्यांच्या हाती लागली नाही. हे मला त्यांच्याच शिव्यांमधून कळले.

आता मी अर्धी जळून त्याच अंगणात उभी आहे. गुरांना चाटायला माझ्यात मीठ ठेवतात. मित्रांनो, जुन्या उखळीला जपा, तिला वाळवीपासून वाचवा, असे मी म्हणणार नाही. मिर्नाला तिची जमीन परत मिळाली, तर ती नवा बुंधा कोरून घेईल. माझे मागणे वेगळे आहे. एर्मिदाला कोणी मारले, हे विचारायला आजवर एकही माणूस इथे आलेला नाही. गोळी कोणी घातली, बंदूक कोणत्या खांद्यावर होती, मी सगळे हाताच्या अंतरावरून पाहिले आहे. मला सगळ्यांची तोंडे पाठ आहेत. कोणीतरी या, आणि मला विचारा.