सेबॅस्टियनला लिहिलेलं उत्तर

विद्याधर वर्तकांना खोटं बोलता येत नाही, अशी आगाशीत त्यांची ख्याती होती. लग्नाच्या पंगतीत बसून यजमानालाच "वरण खारट झालंय" म्हणून सांगणारा माणूस. पण पापडी गावच्या सेबॅस्टियनला, आपल्या जुन्या मित्राला, त्यांनी खोटं लिहिलं, आणि वर सहीही ठोकली.

दोघांनी जन्मभर एकाच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. त्यांचा एक रिवाज होता. चहावर कितीही भांडा, ते सगळं हवेत; पण मत कागदावर उतरवून खाली सही केली, की ते पक्कं. दुसऱ्याने मग ते तपासायचं नाही. स्टाफरूममध्ये लोक हसायचे, "शेजारच्या टेबलावर पत्रं पाठवतात!" या दोघांना त्याचं काही वाटत नसे.

निवृत्तीनंतर सेबॅस्टियनने गुरुत्वाकर्षणाच्या क्षेत्रसमीकरणांचा ध्यास घेतला. फिरत्या ताऱ्याच्या आत ती नेमकी कशी सुटतात, हा भल्याभल्यांना दमवणारा प्रश्न. कागद पुरे होईतो कर्करोगाने त्याला खाटेवर आणलं. मुलीच्या, एमिलीच्या हाती त्याने ते आगाशीला पाठवले. वर एवढंच लिहिलं होतं, "तपास आणि कळव."

तिसऱ्याच पानावर विद्याधर थबकले. ताऱ्याबाहेरच्या पोकळीत शून्य असणारी एक राशी सेबॅस्टियनने ताऱ्याच्या आतही शून्य धरली होती. पुढचा सगळा डोलारा त्या एका ओळीवर उभा होता. विद्याधरांना रडूच आलं. चार दिवसांचा सोबती, त्याला हे कुठल्या तोंडाने कळवायचं? त्यांनी लिहिलं, "सगळं बरोबर आहे. अभिनंदन." आणि खाली सही केली.

पुढच्या आठवड्यात ते घरी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी घेऊन पापडीला गेले. दारातच एमिली म्हणाली, "सर, डॅडींना जास्त बोलायला लावू नका हं. कालपासून औषध वाढवलंय, गुंगी असते."

सेबॅस्टियनने डोळे उघडले. "विद्या, तुला चूक सापडली नाही, की सांगवली नाही?"

विद्याधरांनी सुकेळ्यांचा पुडा उशाशी ठेवला.

"कुठेतरी चुकलंय, हे मला माहीत होतं रे. आकडे घालून बघितले, जुळेनात. पण कुठे, ते कळत नव्हतं. म्हटलं, विद्या सांगेल." तो दम खायला थांबला. "मग तुझं पत्र आलं. खाली सही. मी माझ्या आकड्यांवरच संशय घेतला. डोकं ठिकाणावर होतं तोवर तेच तपासत बसलो."

"तुला त्रास नको म्हणून मी..."

"म्हणजे तू मला आधीच पुरलंस." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच विद्याधरांना जास्त लागलं. "आता तरी सांग. कुठे चुकलं?"

विद्याधरांनी खाटेजवळ खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं. सेबॅस्टियन म्हणाला, "पुन्हा सांग." त्यांनी पुन्हा सांगितलं, आणखी सोपं करून, पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगावं तसं. तो नुसता त्यांच्या ओठांकडे बघत होता. समोरच्याला कळतंय की नाही, हे ओळखण्यात विद्याधरांचं आयुष्य गेलं होतं. सेबॅस्टियनला काहीही कळत नव्हतं. ते तिसऱ्यांदा सांगू लागले आणि अर्ध्या वाक्यात थांबून चष्मा काढून पुसू लागले.

सेबॅस्टियनने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात थोपटला.

"कळलं," तो म्हणाला.